प्रश्नमंजूषा आणि प्रसिद्धी

संस्थेचे किंवा मालाचे नाव लोकांपर्यंत पोहोचवायचे तर एकतर पैसे मोजून जाहिरात द्यावी लागते, नाहीतर बातमीत यावे लागते. जाहिरातीतला मजकूर आपल्या मनासारखा लिहिता येतो, पण वाचक तो जाहिरात म्हणूनच वाचतो. बातमीवर त्याचा विश्वास अधिक बसतो. मात्र बातमी विकत घेता येत नाही, ती घडावी लागते. अशी बातमी घडवण्याचे एक जुने आणि अजूनही चालणारे साधन म्हणजे प्रश्नमंजूषा. साबण, टॉनिक, चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांनी ते वापरले, तसेच बँका, सरकारी खाती, विद्यापीठे आणि खुद्द वर्तमानपत्रांनीही वापरले.

या साधनाचे बळ प्रश्नाच्या स्वभावात आहे. एखादे विधान वाचून पुढे जाता येते. प्रश्न वाचला की मनात उत्तर उमटतेच आणि उमटलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे कळेपर्यंत चैन पडत नाही. उत्तर चुकले तर तोच प्रश्न शेजाऱ्याला, सहकाऱ्याला घालून पाहिला जातो. अशा रीतीने प्रश्न विचारणाऱ्याचे नाव त्याने काहीही खर्च न करता घरोघर फिरते. पत्रकाराच्या दृष्टीनेही प्रश्नमंजूषेत बातमीचा कच्चा माल तयार असतो. चुरस असते, जिंकणारा माणूस असतो, आकडा असतो आणि कधीकधी सगळ्यांना थक्क करणारे उत्तर असते.

ही युक्ती सर्वांत आधी ओळखली ती ब्रिटनमधल्या स्वस्त साप्ताहिकांनी. जॉर्ज न्यून्स याने १८८१ मध्ये 'टिट-बिट्स' हे साप्ताहिक सुरू केले आणि खप वाढवण्यासाठी स्पर्धांचा सपाटा लावला. एका स्पर्धेचे बक्षीस तर चक्क राहते घर होते. त्याच्याकडे लेख लिहिणारा तरुण आल्फ्रेड हार्म्सवर्थ याने १८८८ मध्ये स्वतःचे साप्ताहिक काढले. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हाच त्याचा मूळ विषय होता. पुढच्याच वर्षी त्याने एक स्पर्धा जाहीर केली. ठरलेल्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडमध्ये किती सोने असेल याचा अचूक अंदाज करायचा आणि जिंकणाऱ्याला आयुष्यभर दर आठवड्याला एक पौंड मिळायचा.

या स्पर्धेतली खरी कल्पकता बक्षिसात नव्हती, नियमात होती. उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचे आणि त्यावर पाच साक्षीदारांची नावे-पत्ते घालायचे, अशी अट होती. सात लाखांहून अधिक पोस्टकार्डे आली. म्हणजे स्पर्धकांखेरीज लाखो माणसांना, प्रत्येकाला त्याच्या ओळखीच्याच माणसाकडून, या साप्ताहिकाचे नाव कळले. एवढ्या लोकांपर्यंत जाहिरातीने पोहोचायचे तर त्या काळी प्रचंड खर्च आला असता. साप्ताहिकाचा खप अनेक पटींनी वाढला आणि त्या पायावर उभ्या राहिलेल्या धंद्यातून हार्म्सवर्थने १८९६ मध्ये 'डेली मेल' काढला. आज मोबाइलवरच्या स्पर्धांमध्ये 'पाच मित्रांना पाठवा' असे जे सांगितले जाते, त्याचा हा पूर्वज आहे. अर्थात, बँकेतल्या सोन्याचा आकडा ज्ञानाने काढता येणे शक्य नव्हते. तो निव्वळ अंदाज होता. ज्ञान आणि नशीब यांच्यातली ही सीमारेषा पुढे कायद्याला आखावी लागली.

भारतात ती आखली गेली शब्दकोड्यांच्या निमित्ताने, आणि तो वाद मुंबई राज्यातूनच उभा राहिला. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी वाचकांना वेड लावले होते. प्रवेशशुल्क भरून कूपन पाठवायचे आणि मोठ्या रकमेची वाट पाहायची. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण व कर आणणारा कायदा केला. तो चुकवण्यासाठी राज्याबाहेर छापलेल्या अंकांतून स्पर्धा चालू लागल्या, तेव्हा १९५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या आणि मुंबई राज्यात भरपूर खपणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून शब्दकोड्यांची स्पर्धा चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये निर्णय दिला तो राज्याच्या बाजूने. या कोड्यात बरोबर उत्तर म्हणजे आयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळणारे उत्तर. स्पर्धकाची विद्वत्ता तिथे कामाची नव्हती. म्हणून हा जुगार ठरला आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण मिळणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. बक्षीस-स्पर्धांचा केंद्रीय कायदा १९५५ मध्येच झाला होता आणि महिन्याला हजार रुपयांपेक्षा अधिक बक्षिसाच्या स्पर्धांवर त्याने बंदी घातली होती. ही बंधने नशिबावर अवलंबून असलेल्या स्पर्धांना लागू होतात, बहुतांशी कौशल्यावर चालणाऱ्या स्पर्धांना नाहीत, हेही न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट केले. प्रसिद्धीसाठी प्रश्नमंजूषा योजणाऱ्या प्रत्येकाला हा भेद ठाऊक असायला हवा. बरोबर उत्तर ज्ञानाने शोधता येत असेल तरच ती प्रश्नमंजूषा.

पबमधल्या वादांतून प्रसिद्धी कशी निघते याचे उदाहरण आयर्लंडमधले आहे. गिनेस या मद्य कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर १९५१ च्या नोव्हेंबरात वेक्सफर्ड परगण्यात शिकारीला गेले असता ज्यांची शिकार केली जाते अशा पक्ष्यांत युरोपातला सर्वांत वेगवान पक्षी कोणता, यावरून मंडळींत वाद झाला. उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडेना. असे वाद रोज रात्री हजारो पबमध्ये होत असणार आणि तिथे आपलेच मद्य विकले जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांकडून विक्रमांचे पुस्तक तयार करून घेतले गेले आणि १९५५ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. पबमध्ये फुकट वाटण्यासाठी योजलेली वस्तू स्वतंत्र धंदा झाली. आज जगभरात विक्रम करणारी माणसे या नावाला बातमी पुरवतात, आणि त्यातल्या कित्येकांना हे नाव मुळात मद्याचे आहे हे माहीतही नसते.

दूरचित्रवाणी आल्यावर प्रश्नमंजूषेची ताकद किती वाढते आणि ती किती घातक होऊ शकते, हे अमेरिकेने चार-पाच वर्षांत पाहिले. जून १९५५ मध्ये सीबीएस वाहिनीवर 'द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' सुरू झाला. प्रायोजक होती रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी. प्रत्येक बरोबर उत्तराला बक्षीस दुप्पट होई आणि स्पर्धक आठवड्यानंतर आठवडा परत येई. खेळाडू निवडताना साध्या माणसाच्या अनपेक्षित ज्ञानावर भर होता. जॉइस ब्रदर्स ही मानसशास्त्रज्ञ मुष्टियुद्धावरच्या प्रश्नांची उत्तरे देऊन सर्वोच्च बक्षीस जिंकली, तेव्हा त्या विसंगतीनेच वर्तमानपत्रांचे रकाने भरले. रेव्हलॉनची विक्री १९५४ मध्ये सुमारे ३ कोटी ३६ लाख डॉलर होती, ती १९५५ मध्ये ५ कोटी १६ लाखांवर गेली आणि त्यानंतरही वाढत राहिली. केवळ बातम्यांनी एवढी विक्री वाढली असे म्हणता येणार नाही, पण प्रतिस्पर्धी कंपन्यांना कारण कळायला वेळ लागला नाही.

पुढच्या वर्षी एनबीसीवर 'ट्वेंटी-वन' आला. त्याची प्रायोजक 'जेरिटॉल' हे टॉनिक विकणारी कंपनी होती. पहिला भाग प्रामाणिकपणे झाला आणि तो इतका कंटाळवाणा निघाला की प्रायोजकाने नाराजी कळवली. त्यानंतर निर्माते डॅन एनराइट यांनी स्पर्धकांना उत्तरे आधी पुरवायला सुरुवात केली. घाम केव्हा पुसायचा, अडखळायचे कुठे, हेही शिकवले जाई. हर्बर्ट स्टेम्पेल या विजेत्याला सांगण्यात आले की आता हरायचे. १९५५ च्या ऑस्कर-विजेत्या चित्रपटाचे नाव त्याला पक्के ठाऊक होते, आणि तोच प्रश्न त्याला मुद्दाम चुकवावा लागला. त्याच्या जागी आला कोलंबिया विद्यापीठातला देखणा, खानदानी प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन. १९५७ च्या फेब्रुवारीत तो 'टाइम' नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. टॉनिकच्या जाहिरातदाराला याहून अधिक काय हवे असते? पण स्टेम्पेल बोलला, चौकशी लागली आणि २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे आपण फसवणुकीत सामील होतो अशी कबुली दिली. त्याची नोकरी गेली, विद्यापीठ सुटले. १९६० मध्ये कायदा बदलून ज्ञानाच्या स्पर्धेत आधी निकाल ठरवणे हा संघराज्य पातळीवरचा गुन्हा करण्यात आला. या प्रकरणात प्रायोजकांनी प्रसिद्धी मिळवली खरी, पण तिचे मोल प्रेक्षकांच्या विश्वासाने चुकते झाले. प्रश्नमंजूषेत विकली जाणारी वस्तू प्रामाणिक चुरस हीच असते. ती खोटी निघाली की पुढे काहीच उरत नाही.

भारतात सार्वजनिक प्रश्नमंजूषेची परंपरा कोलकात्यातून सुरू झाली. तिथे १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी पहिली औपचारिक खुली स्पर्धा घेतली. उद्योगक्षेत्रात तिचा उपयोग ओळखला तो कॅडबरीने. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट १९७२ मध्ये शहरोशहरच्या प्रत्यक्ष स्पर्धांच्या रूपाने सुरू झाली, मग नभोवाणीवर गेली. सूत्रसंचालक हमीद सयानी यांच्या निधनानंतर ती धुरा अमीन सयानी यांनी वाहिली आणि १९९२ मध्ये डेरेक ओब्रायन यांच्यासह ती दूरचित्रवाणीवर आली. दुधात घालायच्या पावडरीचा ज्ञानाशी थेट संबंध काहीच नाही. पण शाळांचे संघ, शिक्षक, पालक आणि जिंकलेल्या शाळेची गावच्या वर्तमानपत्रात छापून येणारी बातमी यांनी तो संबंध मनात पक्का केला. मुलांच्या बुद्धीची काळजी वाहणारे पेय अशी प्रतिमा जाहिरातीच्या घोषवाक्यातून जेवढी ठसली नसती, तेवढी या स्पर्धेतून ठसली. एका कंपनीने एकच उपक्रम वर्षानुवर्षे चिकाटीने चालवला, हेच त्याच्या यशाचे गमक मानावे लागेल. एकदाच घेतलेली स्पर्धा एकदाच बातमी देते.

'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर सुरू झाले, तेव्हा त्याच्या मुळाशी ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये आलेला साचा होता. अमिताभ बच्चन यांच्या आकर्षणाबरोबरच कार्यक्रमाला रोजच्या रोज बातम्या पुरवल्या त्या स्पर्धकांच्या आयुष्यांनी. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मराठी तरुण रातोरात देशभर ओळखीचा झाला. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी स्त्री महिना दीड हजार रुपयांवर काम करते, ही गोष्ट त्या निमित्ताने सगळ्या देशाच्या बातम्यांत आली. वाहिनीला प्रसिद्धी मिळाली, तशी अत्यल्प मानधनावर राबणाऱ्या स्वयंपाकी स्त्रियांच्या प्रश्नालाही थोडी मिळाली. मराठीतही २०१३ पासून या कार्यक्रमाची आवृत्ती निघाली आणि त्यातल्या विजेत्यांच्या गावांनी जिल्हा पुरवण्यांना मजकूर पुरवला. बातमीला लागणारा चेहरा प्रश्नपत्रिकेतून मिळत नाही, स्पर्धकातून मिळतो.

प्रेक्षकाला घरबसल्या सहभागी करून घेण्याचा मोह मात्र अडचणीत आणतो. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये उघड झाले की दूरध्वनीवरच्या अनेक स्पर्धांत विजेता आधीच निवडलेला असतानाही प्रेक्षकांचे पैसे देऊन केलेले फोन स्वीकारले जात होते. जीएमटीव्ही या वाहिनीला त्यासाठी २० लाख पौंडांचा दंड झाला. भारतात त्याच वर्षीच्या करोडपतीमध्ये प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही एसएमएस स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून वाहिनी आणि दूरसंचार कंपनीला एक कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या कमाईतूनच आली असे दाखवणारा पुरावा नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला, तरी अकरा वर्षे हा वाद बातम्यांत राहिला हेही खरे.

प्रश्नमंजूषेचा आणखी एक प्रकार आहे आणि अलीकडे संस्थांना तोच अधिक भावतो. यात विजेता नसतोच. लोकांना काय येत नाही, हीच बातमी असते. स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन कंपनीच्या पुढाकाराने २०१४ मध्ये १४० हून अधिक देशांतल्या दीड लाखांवर प्रौढांना जोखीम, महागाई, व्याज आणि चक्रवाढ व्याज यांविषयी मोजके प्रश्न विचारले गेले. जगात तीनपैकी एकच प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर निघाला आणि भारतात प्रमाण २४ टक्के निघाले. 'चारपैकी तीन भारतीय आर्थिक निरक्षर' अशा अर्थाचे मथळे झाले आणि तो आकडा आजही लेखांत, भाषणांत येतो. प्रत्येक वेळी कंपनीचे नाव त्याच्यासोबत येते. स्वीडनचे हान्स रोसलिंग आणि त्यांच्या गॅपमाइंडर संस्थेने २०१७ मध्ये १४ देशांतल्या सुमारे १२ हजार लोकांना जगाच्या स्थितीविषयी प्रत्येकी तीन पर्यायांचे प्रश्न घातले. पहिल्या बारा प्रश्नांत सरासरी फक्त दोनच्या आसपास उत्तरे बरोबर आली. एखाद्या चिंपांझीने डोळे मिटून पर्याय निवडले असते तरी चार बरोबर आली असती. माणसाची चिंपांझीशी केलेली ही तुलना जगभर छापली गेली आणि संस्थेचे मूळ म्हणणे, जग समजते त्याहून बरे आहे, तिच्या पाठीवर बसून पोहोचले. प्रश्नमंजूषेने विचार पोहोचवण्याचे इतके नेमके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. प्रश्न कठीण नव्हते, निवडक होते. प्रत्येक चुकीचे उत्तर संस्थेच्या म्हणण्याकडेच बोट दाखवत होते.

याच प्रकारात खोट मिसळणेही सर्वांत सोपे असते. समाजमाध्यमावर टाकलेल्या प्रश्नांना आपणहून उत्तरे देणारे काही हजार लोक म्हणजे महाराष्ट्र नव्हे. त्यांच्या उत्तरांवरून 'निम्म्या महाराष्ट्राला हे ठाऊक नाही' असे प्रसिद्धिपत्रक काढणे दिशाभूल करणारे आहे. वरच्या दोन्ही पाहण्यांत लोक नमुना-पद्धतीने निवडलेले होते, म्हणून त्यांच्या आकड्यांना वजन आले. आयोजकाला नमुना निवडणे परवडत नसेल तर 'सहभागी झालेल्यांपैकी इतक्यांनी' असे साधे विधान करावे. चाणाक्ष वार्ताहर तेवढ्यावरही बातमी करतो.

इंटरनेटवर चाचणीचे रूप पुन्हा बदलले, कारण तिथे बरोबर-चूक ठरवण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःविषयी काही सांगता येते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०१३ मध्ये २५ प्रश्नांची बोलीभाषेची चाचणी दिली. वाचक कोणत्या वस्तूला काय म्हणतो यावरून तो अमेरिकेच्या कुठल्या भागातला हे नकाशावर दिसे. वर्ष संपायला जेमतेम दहा दिवस उरले असताना आलेला हा मजकूर त्या वर्षात त्यांच्या संकेतस्थळावर सर्वाधिक पाहिला गेलेला ठरला. मागे भाषाशास्त्रज्ञांचे खरे सर्वेक्षण होते, म्हणून निकाल चकित करणारे आणि विश्वासार्ह निघाले. याच्या उलट टोकाला फेसबुकवरची व्यक्तिमत्त्व-चाचणी आहे. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी सोडवलेल्या या चाचणीतून त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा झाली आणि ती केंब्रिज ॲनालिटिकाकडे गेली. २०१८ मध्ये ते उघड झाले तेव्हा ८ कोटी ७० लाखांपर्यंत खात्यांचा आकडा समोर आला. भारतात ती चाचणी फक्त ३३५ जणांनी घेतली होती, पण माहिती गेली असण्याची शक्यता ५ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांची होती. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. शालेय प्रश्नमंजूषा घेणाऱ्यांना ही तरतूद टाळता येणार नाही. जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, पत्ता यांतले जे खरोखर लागत नाही ते मागूच नये.

एखादे वाचनालय, शेतकरी गट, वैद्यक संघटना किंवा इतिहास मंडळ यांच्यासाठी या सगळ्यातून निघणारी कार्यपद्धती फारशी खर्चिक नाही. विषय आपल्या कामाचाच घ्यावा. दंतवैद्यांच्या संघटनेने क्रिकेटवर प्रश्न घातले तर गर्दी होईल, पण बातमीत दात राहणार नाहीत. प्रश्नांची संख्या दहा-बाराच्या वर नेऊ नये आणि त्यातले दोन-तीन असे असावेत की उत्तर ऐकून 'असे आहे होय!' असे उद्गार निघावेत, कारण वार्ताहर तेच उचलतो. प्रत्येक उत्तराचा छापील आधार प्रश्न जाहीर होण्यापूर्वीच फाइलमध्ये असला पाहिजे. आयोजकाचे एक उत्तर चुकले की उरलेली सगळी बरोबर उत्तरे बाजूला पडतात आणि बातमी चुकीचीच होते. प्रसिद्धिपत्रकात चार-पाच प्रश्न उत्तरांसह द्यावेत, म्हणजे संपादकाला तयार चौकट मिळते. वर्तमानपत्राला किंवा स्थानिक नभोवाणी केंद्राला सहआयोजक केले तर स्पर्धेआधी, स्पर्धेच्या दिवशी आणि निकालानंतर अशी तीनदा दखल घेतली जाते. मराठी दैनिके स्वतः हेच करतात. आजच्या अंकातच उत्तर दडलेला प्रश्न आणि रोज कापून जपायचे कूपन यांनी वाचक महिनाभर अंकाशी बांधला जातो.

बक्षीस मोठे असण्यापेक्षा विषयाशी जुळणारे असावे. नियमांत शेवटची तारीख, बरोबरीत निकाल कसा लागणार आणि निर्णय कोणाचा हे आधी छापावे. संस्थेच्या कर्मचाऱ्यांना व त्यांच्या नातेवाइकांना सहभागी होऊ देऊ नये. निकाल सहभागींपासून दडवणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानेही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. म्हणून बरोबर उत्तरे आणि विजेत्यांची नावे, त्यांच्या संमतीने, ठरल्या दिवशी जाहीर करावीत आणि ज्या वर्तमानपत्राने स्पर्धेची घोषणा छापली त्यालाच ती सर्वांत आधी पाठवावीत.